फायरवॉल डॅशबोर्डवर ‘हिरवी’ होती, तरी २३ शाखा बंद पडल्या. नजर नेमकी कशावर ठेवायची?

सातारा_सिस्टम विचारतो:

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या आयटी विभागात मी अकरा वर्षं आहे. विभाग म्हणजे मी आणि माझा एक सहकारी. आमच्या २३ शाखा आहेत, प्रत्येक शाखेत एक छोटी फायरवॉल (नेटवर्कच्या दारावर राखण करणारा बॉक्स), आणि मुख्य कार्यालयात दोन मोठ्या: एक चालू, एक राखीव. या सगळ्यांचा सांभाळ बाहेरच्या एजन्सीकडे आहे. नियम बदलणं, अपडेट टाकणं, चोवीस तास नजर ठेवणं, सगळं तेच करतात. आम्हाला एक डॅशबोर्ड बघायला मिळतो आणि दर महिन्याच्या ५ तारखेला पीडीएफ अहवाल येतो.

२ जूनला काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण प्रश्न त्यातूनच आलाय. १ तारीख रविवारी आली होती, त्यामुळे पेन्शनवाल्यांची सगळी गर्दी सोमवारी. सकाळी १०:४० ला कोरेगाव शाखेचा फोन आला, ‘सीबीएस (बँकेची मुख्य संगणक प्रणाली) अडकलंय.’ तो फोन ठेवेपर्यंत फलटण, वाई, कराड. सर्व्हर रूममध्ये गेलो तर चालू फायरवॉलचे सगळे दिवे गेलेले आणि जळल्याचा वास. आतला पॉवर सप्लाय गेला होता. म्हटलं ठीक आहे, राखीव आहे, ती काम उचलेल. तिच्याकडे बघितलं, तर तीही काळीठिक्कर. वाकून पाहिलं तर तिचा प्लग एक्स्टेन्शन बोर्डातून काढून मागे टाकलेला, आणि त्या जागी सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचा प्लग.

प्लग लावला, बॉक्स सुरू झाला, पण शाखा येईनात. राखीव फायरवॉलमध्ये जुनं कॉन्फिगरेशन होतं. मध्यंतरी एटीएमच्या जोडणीचा पत्ता बदलला होता, दोन शाखांचे टनेल (इंटरनेटवरून मुख्य कार्यालयापर्यंतचे सुरक्षित मार्ग) नव्याने बांधले होते, त्यातलं काहीच तिच्यात नव्हतं. बॅकअपची फाइल एजन्सीकडे. ती मिळून, चढवून, सगळं सुरळीत व्हायला दीड वाजला. दोन तास पन्नास मिनिटं. वाईच्या शाखेत एक आजोबा पासबुक हातात धरून बाकावर बसून होते, शाखाधिकाऱ्यांनी त्यांना दोनदा चहा दिला, असं नंतर कळलं. तेव्हापासून ते दृश्य डोक्यातून जात नाही.

नंतर शोध घेतला. लॉगमध्ये (बॉक्सच्या आपोआप होणाऱ्या नोंदींमध्ये) ‘सदस्य क्लस्टरमधून बाहेर’, म्हणजे जोडीतला एक बॉक्स गळाला, अशी नोंद होती, ११ मार्च, दुपारी ३:५२. सर्व्हर रूमबाहेरच्या वहीत त्याच दिवशी ३:३० ला सीसीटीव्हीवाल्याची सही. म्हणजे ८३ दिवस आमची राखीव फायरवॉल नुसती रॅकमध्ये पडून होती. ते ८३ दिवस डॅशबोर्डवर मुख्य कार्यालयापुढे हिरवा ठिपका होता. मी स्वतः रोज सकाळी बघत होतो.

आणि ५ जुलैला जूनचा अहवाल आला: उपलब्धता ९९.९८ टक्के. आकडा खोटा नाही, मी कागदावर मांडून पाहिला. त्यांच्या हिशेबात २४ उपकरणं (मुख्य कार्यालयाची जोडी एकच धरलेली), जूनची ४३,२०० मिनिटं, आणि त्यातलं एक उपकरण १७० मिनिटं बंद. सरासरी काढली की ९९.९८ येतातच. शाखांचे बॉक्स तर चालूच होते, ते इंटरनेटवरून पिंगला (‘आहेस का?’ या विचारणेला) उत्तर देत होते. फक्त त्यांना बोलायला समोर कुणी नव्हतं.

त्याच शोधात आणखी एक सापडलं. एका शाखेचे लॉग १९ दिवस आलेलेच नव्हते. बॉक्स व्यवस्थित चालू, रहदारी चालू, नुसते लॉग नाहीत. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात, आणि आमच्याकडे मधेच १९ दिवसांचं भगदाड.

तर प्रश्न असा: उपकरणं दुसऱ्याच्या ताब्यात असताना आपण स्वतः काय बघावं? एजन्सीकडे काय मागावं? बजेट फार नाही, पण एक जुना डेस्कटॉप मोकळा आहे आणि शिकायची तयारी आहे.

जुना_नॉक, पुणे:

पंधरा वर्षं नॉकमध्ये (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात) काढलीत, सध्या एका कारखान्याचं नेटवर्क बघतो. तुमचं वाचून वाईट वाटलं, पण इतकं नीट लिहिलंत म्हणून उत्तर देणं सोपं झालं.

पहिली गोष्ट, त्यांचा पिंग कुठल्या पत्त्यावर जातो ते विचारा. चालू-राखीव जोडीत कामाचा पत्ता सामाईक असतो. जी जिवंत आहे ती उत्तर देते. दोन्हीपैकी एक मेली तरी पिंगला फरक पडत नाही, कारण तो पत्ता तसा राहावा म्हणूनच तर जोडी असते. म्हणजे त्यांचा ठिपका ‘सेवा चालू आहे’ एवढंच सांगत होता. ‘आधार शाबूत आहे’ हे तो कधीच सांगत नव्हता. राखीव बॉक्सला स्वतःचा वेगळा मॅनेजमेंट पत्ता द्यायची सोय बहुतेक ब्रँडमध्ये असते. तो द्यायला लावा आणि दोन्ही पत्ते वेगवेगळे तपासा.

त्याच्यापुढे जाऊन क्लस्टरमध्ये सदस्य किती, हा आकडा एसएनएमपीवरून (उपकरणाला त्याची अवस्था विचारायची प्रमाण पद्धत) वाचा. दोनपेक्षा कमी झाला की अलार्म. आणि दोघांचं कॉन्फिगरेशन जुळतंय का, हेही वाचा. समजा तो प्लग कुणी काढलाच नसता, नुसतं सिंक तुटलं असतं, तरी २ जूनला तुमची गत तीच झाली असती. राखीव फायरवॉल उठली असती आणि जुन्या नियमांवर चालली असती. माझ्या अनुभवात हे सिंक तुटणं प्लग निघण्यापेक्षा जास्त वेळा घडतं, आणि ते कुणाला दिसत नाही.

एजन्सीकडे एसएनएमपी व्हर्जन ३ चा फक्त-वाचनाचा युजर मागा, पासवर्ड आणि एन्क्रिप्शन दोन्ही लावून. व्हर्जन २सी देऊ केलं तर घेऊ नका, त्यातली कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) तारेवरून उघडी जाते. तुमच्या देखरेखीच्या मशीनच्या एकाच पत्त्याला परवानगी असू द्या आणि इंटरनेटच्या बाजूच्या पोर्टवर तर हे कधीच उघडू नका. शाखांचं टनेलमधूनच वाचा.

ट्रॅपवर विसंबू नका. ट्रॅप म्हणजे बॉक्सने स्वतःहून मारलेली हाक. ज्याची वीजच गेली तो हाक मारणार कसा? दर मिनिटाला आपण विचारायचं, उत्तर आलं नाही तर समजायचं.

तुमच्या १९ दिवसांच्या लॉगचं उत्तरही यातच आहे. आपण सगळे काहीतरी वाईट *आलं* की अलार्म लावतो. काही *न येण्याचा* अलार्म कुणी लावत नाही. साधा सिसलॉग (लॉग सर्व्हरकडे पाठवायची पद्धत) यूडीपी ५१४ वरून जातो, पाठवणाऱ्याला पोचपावती मिळत नाही. तिकडचा सर्व्हर बदलला, मधला एखादा नियम बदलला, तरी बॉक्स बिचारा पाठवतच राहतो. झॅबिक्स या देखरेखीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘नोडेटा’ नावाचं फंक्शन आहे: अमुक वेळात काही आलं नाही तर ट्रिगर. प्रत्येक बॉक्ससाठी ‘शेवटचा लॉग किती जुना’ हे बघा. मुख्य कार्यालयाला १५ मिनिटं, शाखांना कामाच्या वेळेत अर्धा तास पुरे. वेळ तपासताना घड्याळाकडे लक्ष द्या. एखादा बॉक्स यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिला असेल तर त्याचे लॉग साडेपाच तास मागे दिसतील आणि तुम्ही उगाच धावाल. तसंही सर्ट-इनने एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलंच आहे, ते एकदा सगळीकडे करून टाका.

जुना डेस्कटॉप चालेल. २५ उपकरणांना झॅबिक्स ८ जीबीमध्ये आरामात बसतं.

दोन खाचखळगे आधीच सांगून ठेवतो. अपटाइमचा एसएनएमपी आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात असतो आणि ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. ‘बॉक्स रीस्टार्ट झाला’ असा अलार्म आला तर आधी हे आठवा. (४९७ दिवस रीस्टार्ट नाही म्हणजे तेवढे दिवस फर्मवेअरही बदललेलं नाही, ती वेगळी चिंता.) आणि रहदारी मोजताना ६४ बिटांचे काउंटर घ्या. ३२ बिटांचा काउंटर १०० एमबीपीएसच्या भरलेल्या लाइनवर पावणेसहा मिनिटांत फिरून शून्यावर येतो, मग आलेख बघून काही कळत नाही.

शेवटचं, आणि हे कृपया टाळू नका. तुमचं देखरेखीचं मशीन मुख्य कार्यालयातच असणार, त्याच फायरवॉलच्या मागे. फायरवॉल गेली की अलार्मचा ईमेलही तिथेच अडकणार. म्हणून एसएमएसचा जीएसएम मोडेम लावा, किंवा बाहेर कुठेतरी एक छोटं मशीन ठेवा ज्याला तुमचं झॅबिक्स दर पाच मिनिटांनी हजेरी देईल. हजेरी चुकली की बाहेरचं मशीन तुम्हाला फोनवर कळवेल.

सातारा_सिस्टम:

दादा, मनापासून आभार. दोनदा वाचलं, प्रिंट काढून टेबलावर ठेवलंय. एजन्सीला काल मेल टाकली. उत्तर आलं की सुरक्षेच्या कारणास्तव ग्राहकाला एसएनएमपी देत नाहीत. आता?

जुना_नॉक, पुणे:

बॉक्स कुणाच्या मालकीचे? बँकेने विकत घेतले असतील तर वाचनाचा हक्क मागताना संकोच करू नका. मेल तुमच्या नावाने जाऊ देऊ नका, सीईओंच्या सहीचं पत्र जाऊ दे. रिझर्व्ह बँकेच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या नागरी सहकारी बँकांसाठीच्या सायबर सुरक्षा परिपत्रकाचा उल्लेख करा. काम बाहेर दिलं म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही, हे संचालकांनाही कळू दे.

रात्रपाळी:

मी अशाच एका एजन्सीत, ऐरोलीला, रात्रपाळीला बसते. तुमच्या एजन्सीत नाही. पण आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगावंसं वाटलं, कारण चूक एकट्या कुणाची नसते.

सहकारी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या शाखांमध्ये संध्याकाळी निघताना मेन स्विच बंद करतात. आगीची भीती असते, ते बरोबरच आहे. पण आम्हाला रोज सात ते साडेसातच्या दरम्यान ओळीने तीस-चाळीस लाल ठिपके दिसतात. सुरुवातीला आम्ही प्रत्येक शाखाधिकाऱ्याला फोन करायचो. लोक चिडायचे: ‘मॅडम, रोज बंद करतो आम्ही, रोज काय फोन?’ मग वरून सूचना येते की या शाखांचे अलार्म रात्री ७ ते सकाळी ९ दाबून ठेवा. आणि दाबलेला अलार्म परत उघडायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मी आमच्याकडे एक शाखा चार महिने पूर्ण दाबलेल्या अवस्थेत पाहिली आहे, दिवसासुद्धा.

मला विचाराल तर रात्रीचा अलार्म दाबू नका, त्याचा प्रश्न बदला. ‘बंद पडली का’ असं रात्री विचारण्याऐवजी ‘सकाळी सव्वानऊपर्यंत परत आली का’ असं विचारा. तो अलार्म रोज वाजत नाही, आणि वाजतो तेव्हा खरा असतो. आणि त्याची दुसरी बाजू, जी मला फार मोलाची वाटते: जी शाखा रात्री बंद असायला हवी ती पहाटे दोनला चालू दिसली, तर तो अलार्म. कुणी तरी आत आहे, किंवा स्विच विसरलाय, किंवा आणखी काही. तीनही वेळा फोन करायलाच हवा.

अजून एक विनंती. आमच्याकडच्या संपर्कयादीत तुमच्या शाखांचे जे नंबर आहेत, त्यातले निम्मे बदली झालेल्या माणसांचे असतात. रात्री अडीचला मी फोन लावते आणि पलीकडून उत्तर येतं, ‘मी तिथून दोन वर्षांपूर्वी बदलून आलो.’ दर तीन महिन्यांनी यादी पाठवत जा. तुम्हाला दहा मिनिटं लागतील, आमची रात्र वाचेल आणि तुमची शाखाही.

कोकण_लिंक, रत्नागिरी:

वरचं सगळं बरोबर. आमच्याकडचा एक मुद्दा घालतो. पावसात रस्त्याकडेची फायबर तुटते, म्हणून प्रत्येक ठिकाणी फायरवॉलला सिमचा डोंगल आहे. गेल्या वर्षी फायबर तुटली, बॉक्सने लगेच सिमवर उडी मारली, पोर्टची अवस्था ‘अप’, पण डेटा शून्य. सात महिने सिम वापरलंच नव्हतं, रिचार्ज संपून गेलेला. पोर्ट अप असणं आणि पलीकडे पोचणं यात फरक आहे. राखीव लाइनमधूनसुद्धा बाहेरच्या एखाद्या पत्त्याला दर काही मिनिटांनी पिंग जात राहील असं लावा, म्हणजे ती वापरात नसतानाही मेली तर कळेल. थोडा डेटा खर्च होतो, होऊ दे.

टनेलचंही तेच. टनेल ‘अप’ दाखवतो आणि पलीकडचा सर्व्हर मिळत नाही, असं होतं. शाखेकडून टनेलमधून थेट सीबीएसच्या पोर्टपर्यंत जोडणी होते का, ते तपासा. ग्राहकाला तेवढंच हवं असतं.

सातारा_सिस्टम:

उशिरा लिहितोय, पण काही हातात घेऊनच लिहायचं ठरवलं होतं.

सीईओसाहेबांच्या सहीचं पत्र गेलं. आठवडाभरात वाचनाचा हक्क मिळाला, व्हर्जन ३, सगळ्या २५ बॉक्सवर. राखीव फायरवॉलला वेगळा पत्ता दिला. जुन्या डेस्कटॉपवर झॅबिक्स उभं केलं, त्यात माझ्या सहकाऱ्याने माझ्यापेक्षा जास्त मेहनत घेतली, हे इथे नोंदवतो.

पहिल्याच दिवशी तीन गोष्टी दिसल्या. दोन शाखांच्या फायरवॉलची सुरक्षा सदस्यता एप्रिलमध्येच संपली होती. बॉक्स चालूच होते, नेहमीसारखे, पण आतल्या हल्ले ओळखणाऱ्या नोंदी एप्रिलच्या होत्या. आता सदस्यतेची आणि त्या नोंदींची तारीख, दोन्ही बोर्डावर आहेत, ३० दिवस आधी पिवळी होते. दुसरं, कराडच्या बॉक्सचा पंखा शून्य फेरे दाखवत होता. तिसरं, महाबळेश्वरच्या सिमचा रिचार्ज नव्हता. कोकण_लिंक, तुमचं वाचलं नसतं तर तिकडे कधीच बघितलं नसतं.

रात्रपाळी ताई, तुमचा ‘सव्वानऊ’चा अलार्म लावला. २३ शाखांचा मेन स्विच कधी बंद होतो याची एक वही केली, त्यातून प्रत्येक शाखेची वेळ घेतली. संपर्कयादी तपासली, तर २३ पैकी ९ नंबर चुकीचे निघाले. नवी यादी एजन्सीला गेली आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लावलीये.

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता, संचालकांची परवानगी काढून, मी सर्व्हर रूममध्ये जाऊन राखीव फायरवॉलचा प्लग माझ्या हाताने काढला. ७० सेकंदांत जीएसएम मोडेमवरून माझ्या आणि सहकाऱ्याच्या मोबाइलवर एसएमएस आला: ‘क्लस्टर सदस्य १.’ एजन्सीला आधी काही सांगितलं नव्हतं. त्यांचा फोन ४१ मिनिटांनी आला. पण आला, आणि त्या मुलाने नेमकं तेच सांगितलं, की राखीव बॉक्स दिसत नाही. मार्चपासून ८३ दिवस न आलेला फोन होता तो. त्याचे मनापासून आभार मानले.

मग प्लग परत लावला, दोघांचं कॉन्फिगरेशन जुळेपर्यंत तिथेच बसलो. आता दोन्ही फायरवॉल वेगवेगळ्या यूपीएसवर आहेत, आणि एक्स्टेन्शन बोर्ड काढून टाकला आहे. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला भिंतीवर स्वतःचा पॉइंट करून दिला.

येत्या रविवारी चालू फायरवॉलच बंद करून बघणार आहोत, शाखा किती सेकंदांत परत येतात ते मोजायला. जुना_नॉक दादा, त्या वेळी टनेल आपोआप उठले नाहीत तर आधी काय बघू, ते शनिवारपर्यंत सांगाल का?

जुना_नॉक, पुणे:

आधी सेशन सिंक (चालू जोडण्यांची माहिती राखीव बॉक्सलाही देत राहणं) चालू आहे का ते आजच बघून ठेवा, रविवारी नको. मग शाखांच्या बाजूला डीपीडी (टनेलचं पलीकडचं टोक जिवंत आहे का याची तपासणी) लागलेलं आहे का ते तपासा. ते नसेल तर शाखेचा बॉक्स मेलेल्या टनेलला धरून बसतो आणि मुदत संपेपर्यंत सोडत नाही. एकच शाखा आधी करून बघा, कोरेगाव जवळ आहे. आणि बॅकअपची आजची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन खिशात ठेवा. रविवारी साडेसहापासून मी फोनजवळ आहे, इथे मेसेज टाका.